टिळकांची भजने मोबाइलवर

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. सुवार्तेसाठी त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हाती घेतले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातून लिहिलेही. आज सातारा-सांगलीच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या हाताशी यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप आहे. तासाभराच्या उपदेशापेक्षा तीन मिनिटांचे भजन, खाली शास्त्रवचन आणि उपासनेची वेळ, एवढे टाकले तरी ते गावोगावी सहज पोचते. टिळक 1919 मध्ये वारले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवर आता कॉपीराइट नाही. दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण मात्र विचारूनच वापरावे. आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात तर हे कटाक्षाने पाळावे: आजाऱ्याचे नाव, फोटो, दुखणे त्याच्या संमतीशिवाय ग्रुपवर कधीही टाकू नये, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही.