एक धून, अनेक हात

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जेवणाची सुटी झाली, की डब्यांबरोबर वादही उघडतात. कुस्ती आणि राजकारण यांच्या जोडीला आम्हां काही मित्रांत आणखी एक वाद चालतो : जेम्स बाँडच्या हेरपटांना सर्वांत उत्तम संगीत कोणी दिले? ऐकणाऱ्यास तो पोरकट वाटेल. परंतु तुलना कशी करावी, हे शिकण्यास याहून सोपे साधन आम्हांस आढळले नाही.

१९६२ पासून २०२१ पर्यंत या मुख्य मालिकेत २५ चित्रपट निघाले. त्यांपैकी ११ चित्रपटांचे संगीत एकट्या जॉन बॅरी यांचे, ५ चित्रपटांचे डेव्हिड अर्नोल्ड यांचे. पण केवळ संख्येवरून थोरवी ठरत नाही. नायक बदलले, दिग्दर्शक बदलले, काळ बदलला. टिकून राहिली ती बाँडची ओळख सांगणारी धून. म्हणून तिलाच आम्ही आमचे गेज मानतो.

तिच्यामागे साथीचे स्वर पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत आणि पुन्हा कोमल धैवत असे डोलत राहतात. एकाच स्वराची दोन रूपे अशी लागोपाठ घेणे आपल्या रागसंगीतात विरळाच. ललितातील दोन मध्यम आठवून पाहावेत. त्यामुळे कानास किंचित अस्वस्थता जाणवते, आणि हेरकथेस तीच हवी असते.

१९७७ साली ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मध्ये मार्विन हॅम्लिश यांनी याच चालीला डिस्कोचा ठेका दिला. २००६ च्या ‘कसिनो रॉयल’मध्ये अर्नोल्ड यांनी पुरी धून शेवटपर्यंत राखून ठेवली; कारण त्या कथेतील तरुण अद्याप बाँड व्हावयाचा होता. तेव्हा ‘कोणाचे अधिक गोड?’ असे न विचारता ‘या कथेत संगीताने कोणते काम केले?’ असे विचारावे.

आता कळीचा प्रश्न : ही धून कोणाची? व्ही. एस. नायपॉल यांची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही त्रिनिदादमधील भारतीय वंशाच्या कुटुंबावरील कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरील एका संगीतिकेसाठी माँटी नॉर्मन यांनी भारतीय वळणाचे एक गीत रचले. संगीतिका रंगभूमीवर आलीच नाही; चाल मात्र ‘डॉ. नो’मध्ये अवतरली. सतारीला शोभणारे ते स्वर गिटारवर गेले. वाद्यमेळाची रचना बॅरी यांनी केली, गिटार व्हिक फ्लिक यांनी वाजवली. पुढे एका वृत्तपत्राने धून बॅरींचीच असल्याचे छापले. नॉर्मन यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि २००१ साली लंडनच्या न्यायालयात तो जिंकला.

म्हणून बॅरींचे श्रेय उणे होते काय? आमच्या फाउंड्रीतील कोणीही याचे उत्तर देईल. पॅटर्न एकाचा, ओतकाम दुसऱ्याचे, मशीनिंग तिसऱ्याचे. यांतील एक हात वगळला तरी भाग इंजिनात बसत नाही. आपल्याकडेही शंकर-जयकिशन यांची गाणी घरोघर पोचली. त्यांच्या वाद्यमेळाची रचना करणारे गोमंतकीय सेबॅस्टियन डिसोझा मात्र किती जणांस ठाऊक आहेत?

‘श्रेष्ठ कोण?’ हा वाद आम्ही सोडणार नाही. जेवण त्याशिवाय गोड लागत नाही. मात्र आता त्यात आणखी दोन प्रश्न आम्ही घालतो : वाद्यमेळ कोणी बांधला, आणि वाजवले कोणी?