नव्या गावी नवे सोबती

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मुले शिकवली. त्यातली कितीतरी कॉलेज शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला गेली. सुटीला आली की आम्हांला भेटतात. पगार बरा आहे म्हणतात. पण थोडे बोलते केले की खरे बाहेर येते. "गुरुजी, तिथं बोलायला माणूस नाही!"

हे असे का होते? लहानपणी आपण मैत्री करायला मुद्दाम गेलो होतो का? नाही. एका बाकावर बसलो, नदीत डुंबलो, गुरे राखली. रोज गाठ पडायची, म्हणून मैत्री आपोआप झाली. नोकरीच्या गावी ही गाठ पडत नाही. पोराचा स्वभाव वाईट नसतो, गाठीभेटी कमी पडतात.

मग मैत्रीला वेळ तरी किती लागतो? अमेरिकेतील जेफ्री हॉल या प्राध्यापकांनी याचा अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ओळखीची दोस्ती व्हायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात, आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून जास्त, असे त्यांना आढळले. नुसते शेजारी बसून काम केले, तर ते तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, जेवण, खेळ यांतले तास कामी येतात.

आता हिशेब करू. आठवड्याला दोन तास भेटलो, तर ५० तासांना २५ आठवडे लागतील. म्हणजे जवळजवळ सहा महिने! तेव्हा दोन महिन्यांत मित्र झाला नाही, म्हणून खचून जाऊ नये.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी यावर चांगली तोड काढली होती. लालबाग-परळला एका गावची माणसे गावकीच्या खोलीत राहात. भाडे वाटून घेत, पाळीप्रमाणे झोपत, खानावळीत जेवत, भजनाला बसत. नव्या पोराला सोबत आयती मिळे. १९८२ च्या मोठ्या संपानंतर बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या. आता सोबत आपली आपण जमवावी लागते.

त्यासाठी एक जागा आणि एक वार धरावा. तालीम, भजनी मंडळ, वाचनालय, कबड्डीचा संघ, काहीही चालेल. पण खाडा करू नये. आधी आपण बोलावे. बरोबरच्याला चहाला बोलवावे. त्याच्या अडीअडचणीला धावून जावे, आणि आपली अडचणही त्याला सांगावी. मात्र नवा सोबती लगेच उसने पैसे मागू लागला, किंवा दारूचा आग्रह करू लागला, तर चार हात दूर राहावे.

घरच्यांनीही फोनवर नुसते पैशाचे विचारू नये. "रविवारी कुणाबरोबर जेवलास?" हेही विचारावे.

आणि सासरी आलेल्या सुनेचे काय? तिच्या मैत्रिणी तर माहेरीच राहिल्या. ती हे कुणापाशी बोलतही नाही. गावातल्या बचत गटात १० ते २० बाया ठरल्या दिवशी जमतात. तिथे पैसा साठतो, तशी मायाही साठते. सासूबाईंनी त्या दिवशी चूल आपण सांभाळावी, आणि सुनेला म्हणावे, "जा बाई, बसून ये."