मुक्त म्हणजे फुकट नव्हे

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या फोपनार गावी १९६४ साली बुद्धाच्या प्राचीन कांस्यमूर्ती सापडल्या. समजा, तेथील एखाद्या शिक्षकाने या मूर्तींविषयी मराठी पुस्तिका काढायचे ठरविले. मजकुरासाठी लिबरऑफिस, चित्रांसाठी गिंप आणि अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट, ही सारी साधने त्याला विनामूल्य मिळतात. पण पुस्तिका विकता येईल काय? त्या सॉफ्टवेअरची प्रत शाळेला देता येईल काय? उत्तर परवान्यात असते आणि आपण नेमका तोच न वाचता ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो.

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने बराच घोळ घातला आहे. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्द निराळे आहेत, हे आपले भाग्य. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तो मुक्ततेसाठी. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरणे, ते कसे चालते हे अभ्यासणे, त्यात बदल करणे आणि मूळ वा बदललेली प्रत इतरांना देणे, असे हे चार अधिकार आहेत. फुकट मिळणाऱ्या अनेक ॲपमध्ये यांतील एकही अधिकार पूर्णपणे मिळत नाही. पायरेटेड प्रत तर सरळ कायदाभंगच होय.

आता आपल्या शिक्षकाकडे वळू. लिबरऑफिसमध्ये लिहिलेला मजकूर त्याचाच. तो खुशाल विकावा. गिंपला जीपीएल हा परवाना लागू आहे. केवळ वापरणाऱ्यावर त्याचे बंधन नाही. मात्र गिंपमध्ये बदल करून ती प्रत कोणी इतरांना दिली, तर मूळ संहिताही त्याच परवान्याखाली उपलब्ध करावी लागते. ‘मुक्ता’ला ओपन फॉन्ट लायसन्स आहे. पुस्तिकेत तो वापरण्यास आडकाठी नाही. नुसता फॉन्ट तेवढा विकता येत नाही.

खरी अडचण छायाचित्रांची. मूर्ती प्राचीन असली तरी तिच्या छायाचित्रावर स्वामित्वहक्क असू शकतो. चित्र क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बाय-एसए’ परवान्याखाली असेल, तर छायाचित्रकाराचा नामोल्लेख हवा आणि चित्रात बदल केल्यास ते त्याच परवान्याखाली द्यावे लागते. गोवा विद्यापीठाने २०१३ साली कोंकणी विश्वकोश याच परवान्याखाली खुला केला. त्यामुळे त्यातील मजकूर विकिपीडियासारख्या प्रकल्पांना वापरता येऊ लागला.

मुक्त सॉफ्टवेअर बहुधा हमीविना मिळते, हेही ध्यानात असावे. काम बिघडल्यास नुकसानभरपाई मागता येत नाही. म्हणून डाउनलोड अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे आणि परवान्यात तीन गोष्टी पाहाव्यात: व्यावसायिक वापरास मुभा आहे काय, प्रत दुसऱ्याला देता येते काय आणि श्रेय कोणाला द्यायचे. ही पाच मिनिटे दिली, तर आपली पुस्तिका छापखान्यात निश्चिंत मनाने धाडता येते.