तारा तुटतो म्हणजे काय?
तिगावच्या संत्राबागेवर रात्री एखादी रेघ चमकली की आपण म्हणतो, ‘तारा तुटला’. पण तारा म्हणजे दूरचा सूर्य. तो असा तुटून पडत नाही. दिसते ती उल्का (अवकाशातून हवेत शिरलेला, बहुधा वाळूच्या कणाएवढा खडा). सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तशीच त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन तापते आणि कण उजळून संपतो. मोठा खडा पूर्ण न संपता जमिनीवर पोचला तर तो अशनी. लोणारचे विवर अशाच एका प्रचंड अशनीच्या आघाताचे.

२ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भ-मध्य प्रदेशावर सरकलेले पेटते गोळे मात्र उल्काही नव्हते. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचे मोठे कडे सापडले, ते रॉकेटचे. उल्का क्षणात विझते. रॉकेटचे तुकडे आकाशात रेंगाळतात.