कोर्लईचे चर्च आणि त्याच्या परिसरातील अवशेष

कुंडलिका नदीच्या मुखापाशी उत्तरेस रेवदंडा व दक्षिणेस कोर्लई अशी दोन स्थळे समोरासमोर आहेत. रेवदंड्याच्या तटबंदीत सेंट बार्बारा मठाचा पडका मनोरा उभा असून लोक त्यास 'सातखणी' म्हणतात. आज त्याचे सारे मजले शिल्लक नाहीत. प्रवासी बहुधा हा मनोरा पाहूनच परततो. अभ्यासकाने मात्र खाडी ओलांडावी, असे आम्हांस वाटते.

पोर्तुगीजांनी चौल येथे १५२१ च्या सुमारास किल्ला बांधण्यास आरंभ केला. कोर्लईच्या टेकडीवरील निजामशाही दुर्ग १५९४ मध्ये त्यांच्या हाती आला. १७४० मध्ये हा सर्व मुलूख मराठ्यांकडे गेला. सत्ता गेली, सैन्य गेले, रेवदंड्यातील प्रार्थनामंदिरे ओस पडली. परंतु ख्रिस्ती शेतकऱ्यांची एक वस्ती मागे राहिली. टेकडीच्या पायथ्याच्या कोर्लई गावात, माउंट कार्मेल मातेच्या चर्चभोवती, ती आजही नांदत आहे. तिच्या घरांतून अद्याप पोर्तुगीजोद्भव बोली बोलली जाते. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. भाषाशास्त्रात अशा बोलीस क्रिओल ही संज्ञा आहे.

ही बोली केवळ चर्चमुळे टिकली, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे होय. उपासनेमुळे पोर्तुगीजशी संबंध राहिला असेल, पण नुसत्या उपासनेने घरातील बोलणे टिकत नाही. शेजारच्या हिंदू व मुसलमान वस्तीशी बेटीव्यवहार नव्हता आणि खाडीमुळे दळणवळणही तुटक होते. ही कारणे आमच्या मते अधिक बलवान ठरतात. तथापि बाजार व शेती मराठीतच चाले, आणि त्याचा ठसा वाक्यरचनेवर स्पष्ट उमटला आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस जाऊ लागले. शब्द एका भाषेचे, त्यांची मांडणी दुसऱ्या भाषेच्या वळणाची, असे हे रूप आहे. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात या स्थित्यंतराचा सविस्तर विचार केला आहे.

आता खाडीवर पूल झाला आहे, शिक्षण मराठीत होते आणि बोलणाऱ्यांची संख्या काही शेकड्यांवर आहे. पडक्या मनोऱ्याची मापे पुढेही घेता येतील. वृद्ध स्त्रियांच्या तोंडची गाणी व गोष्टी यांची नोंद मात्र आजच्याच विद्यार्थ्यांनी करावयाची आहे. त्यासाठी मराठी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांचे ज्ञान हवे.