ब्लोअर (मोटारवाहन)

ब्लोअर हा मोटारवाहनाच्या उष्णन व वातानुकूलन यंत्रणेतील विद्युत पंखा होय. प्रवासीकक्षात हवा खेळती ठेवणे, ती थंड किंवा गरम करणाऱ्या भागांवरून नेणे आणि समोरच्या काचेवरील धुके दूर करणे ही त्याची मुख्य कामे आहेत. रेडिएटर व कंडेन्सर थंड ठेवणारा इंजिनकक्षातील पंखा यापेक्षा वेगळा असतो. ब्लोअर बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते. पावसाळ्यात सह्याद्रीतील घाटरस्त्यांवर किंवा थंड प्रदेशात हिवाळ्यात काच धूसर झाल्यास चालकाला रस्ता नीट दिसत नाही. अमेरिकेत काचेवरील हिम व धुके हटवणाऱ्या यंत्रणेसाठी 'एफएमव्हीएसएस १०३' हे स्वतंत्र सुरक्षा मानक आहे.

इतिहास

पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९४० च्या प्रतिरूपांसाठी कारखान्यातच बसवलेली वातानुकूलन यंत्रणा उपलब्ध केली. तिचा बराचसा भाग गाडीच्या मागील सामानकप्प्यात असे. नॅश कंपनीने १९५४ मध्ये उष्णन, वायुवीजन व शीतन या तिन्ही क्रिया वाहनाच्या पुढील भागातील एकाच यंत्रणेत एकत्र केल्या. पुढे अशी एकत्रित मांडणी सर्वत्र रूढ झाली.

रचना व कार्य

ब्लोअर बहुधा डॅशबोर्डच्या आत, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्यात सामान्यतः १२ व्होल्टवर चालणारी एकदिश प्रवाहाची मोटर आणि पिंजऱ्यासारखे दिसणारे, कडेने अनेक अरुंद पाती असलेले चाक असते. हे चाक मध्यभागातून हवा ओढून घेते व परिघाकडे फेकते. बाहेरून किंवा कक्षातूनच घेतलेली हवा केबिन फिल्टर, ब्लोअर, इव्हॅपोरेटर, हीटर कोअर व शेवटी झरोके अशा मार्गाने प्रवाशांपर्यंत पोहोचते. फिल्टरची जागा प्रतिरूपानुसार बदलते.

साध्या यंत्रणेत पंख्याचा वेग रेझिस्टरद्वारे नियंत्रित होतो. कमी वेगावर वीज एक किंवा अधिक रोधांतून जाते व मोटरला मिळणारा व्होल्टदाब घटतो. सर्वाधिक वेगावर मात्र रोध वगळून मोटरला पूर्ण दाब दिला जातो. रोध तापतात, म्हणून रेझिस्टर हवेच्या झोतातच बसवलेला असतो. स्वयंचलित वातानुकूलनात त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. तो अतिशय जलद गतीने वीज चालू-बंद करून वेग सलगपणे बदलतो.

दोषनिदान

निदानाची पहिली पायरी म्हणजे पंखा सर्व वेगांवर चालवून पाहणे.

केवळ सर्वाधिक वेग चालणे: हे रेझिस्टर निकामी झाल्याचे ठळक लक्षण आहे. रेझिस्टरमधील उष्णता-फ्यूज वितळला की सर्व कमी वेग एकाच वेळी बंद होतात, परंतु रोध वगळणारा मार्ग शाबूत राहतो. रेझिस्टर वारंवार जळत असल्यास तो बदलणे पुरेसे नसते. तुंबलेल्या फिल्टरमुळे त्याला थंडावा कमी मिळतो, तर जड फिरणारी मोटर अधिक प्रवाह ओढते. मूळ कारण यांपैकी एखादे असू शकते.

केवळ सर्वाधिक वेग बंद असणे: अशा वेळी दोष त्या मार्गातील रिले, फ्यूज किंवा स्विच यांत शोधावा लागतो.

कोणत्याही वेगावर न चालणे: प्रथम फ्यूज व रिले तपासतात. ते ठीक असल्यास पंखा चालू स्थितीत ठेवून मोटरच्या दोन टोकांमधील दाब मल्टिमीटरने मोजतात. सर्वाधिक वेगावर १२ व्होल्टच्या आसपास दाब मिळूनही मोटर फिरत नसेल, तर दोष मोटरमध्ये आहे. दाब नसेल, तर दोष तारा, स्विच किंवा अर्थ जोडणीत आहे. काही वाहनांत स्विच व रेझिस्टर अर्थच्या बाजूला असतात. तेथे एक टोक गाडीच्या धातूच्या सांगाड्याला लावून घेतलेले मापन दिशाभूल करते. मोटरवर हलके ठोकल्यावर ती फिरू लागली, तर तिचे कार्बन ब्रश झिजलेले असण्याची शक्यता असते.

आवाज येणे: खडखड आवाज बहुधा चाकात अडकलेल्या पानांमुळे किंवा कचऱ्यामुळे येतो. सततची कर्कश किणकिण बेअरिंग किंवा बुश झिजल्याचे सुचवते.

पंख्याचा आवाज असूनही झोत क्षीण असणे: केबिन फिल्टर धुळीने तुंबणे हे याचे नेहमीचे कारण आहे. आरंभी झोत चांगला असून काही वेळाने घटत असेल आणि वातानुकूलन थोडा वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत होत असेल, तर इव्हॅपोरेटरवर बर्फ साचत असल्याचा संशय घेतात. झोत जोरदार असूनही हवा थंड नसेल, तर दोष ब्लोअरमध्ये नसून शीतकाच्या परिपथात किंवा थंड-गरम हवेचे मिश्रण करणाऱ्या झडपेत असतो.

सुरक्षितता

सर्वाधिक वेगावर ब्लोअर २० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह घेऊ शकतो. २० अँपिअरला १२ व्होल्टवर हा भार २४० वॅट होतो. जोडणी सैल किंवा गंजलेली असल्यास तेथे उष्णता निर्माण होऊन प्लास्टिक वितळते. त्यामुळे नवा रेझिस्टर बसवताना जुन्या जोडणीवर काळे डाग आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने २००६ ते २०११ या वर्षांच्या प्रतिरूपांतील ३-सिरीज गाड्या अमेरिकेत दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. उष्णन व वातानुकूलन यंत्रणेच्या तारा व जोडण्या तापून आग लागण्याचा धोका हे त्यामागील कारण होते.

फ्यूज वारंवार उडत असल्यास अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे धोकादायक ठरते. फ्यूज हा तारांचे रक्षण करतो. तो मोठा केल्यास फ्यूजऐवजी तार जळते. अनेक वाहनांत ब्लोअरजवळच प्रवाशाची एअरबॅग असते. म्हणून डॅशबोर्डचा भाग उघडण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे लागते.

विद्युत वाहने

विद्युत वाहनांत इंजिनाची उष्णता उपलब्ध नसल्यामुळे हवा गरम करण्यासाठी विद्युत तापक किंवा उष्मा-पंप वापरतात. हवा वाहून नेण्याचे काम मात्र तेथेही ब्लोअरच करतो. त्याचा परिपथ सामान्यतः कमी दाबाचा असला, तरी तापक व कॉम्प्रेसर उच्च दाबावर चालतात. त्यांच्या तारा बहुधा नारिंगी आवरणाच्या असतात व त्यांना केवळ प्रशिक्षित तंत्रज्ञानेच हात लावणे अपेक्षित आहे.