संगणकाची रोजकीर्द

व्यवहार झाला कीं दक्ष कारकून तो प्रथम कीर्दींत टिपतो आणि मग सवडीनें खतावणींत चढवितो. खतावणी अर्धवट राहिली, तरी कीर्दीवरून ती पुरी करतां येते. संगणकाच्या तबकडीवर फाइलींची व्यवस्था राखणाऱ्या कांहीं पद्धति याच रीतीनें चालतात. लिनक्समध्यें २००१ सालीं आलेली एक्स्ट-३ आणि तिच्यामागून आलेली एक्स्ट-४ या त्यांपैकींच होत. फाइलीचें नांव, जागा किंवा लांबी बदलावयाची असेल, तर तो बदल आधीं कीर्दींत उतरतो, मग मूळ स्थळीं जातो. मध्येंच वीज गेली, तर यंत्र पुन्हां सुरू होतांना कीर्द वाचून राहिलेलें काम पुरें करतें.

मात्र ही सुरक्षितता फुकट मिळत नाहीं. एकच नोंद दोन ठिकाणीं करावी लागते. फाइलींतील मजकूर सामान्यतः कीर्दींत जात नाहीं, तो थेट आपल्या जागीं लिहिला जातो. तोही कीर्दींत घालावा असें ठरविलें, तर सारेंच दोनदां लिहिलें जातें. फिरत्या तबकडीचा यांत वेळ जातो. आणि ज्या साधनांत फ्लॅश स्मृति असते, त्यांचें आयुष्यच खर्ची पडतें, कारण तिचे कण ठराविक वेळांच पुसून लिहितां येतात. तेव्हां काटकसर कोठें करावी?

पहिली काटकसर अगदीं निर्धोक आहे. फाइल नुसती वाचली, तरी ती शेवटीं केव्हां वाचली याची वेळ नोंदण्याची युनिक्सची जुनी चाल आहे. म्हणजे वाचनापोटीं लेखन! कोणी पुस्तक चाळलें कीं ग्रंथपालानें वही उघडावी, तसाच हा प्रकार. २००९ पासून लिनक्सनें ‘रिलेटाइम’ ही मध्यम रीत मूळचीच ठरविली. फाइल बदलल्यानंतर ती प्रथमच वाचली गेली, अथवा मागची नोंद एक दिवसाहून जुनी असली, तरच नवी वेळ लिहावयाची. नवें टपाल वाचलें गेलें कीं नाहीं, हें या वेळेवरून ओळखणाऱ्या कार्यक्रमांचीही त्यामुळें अडचण होत नाहीं. ज्यांस ही नोंद मुळींच नको, त्यांच्यासाठीं ‘नोएटाइम’ आहे.

दुसरी काटकसर विचारपूर्वक करावयाची आहे. मुळांत दर ५ सेकंदांनीं साठलेले बदल कीर्दींत पक्के होतात. हें अंतर ६० सेकंदांवर नेलें, तर अनेक लहान बदल एकाच लेखनांत सामावतात; परंतु वीज गेल्यास जवळजवळ मिनिटभराचें काम बुडूं शकतें. एखादा कार्यक्रम ‘आतांच लिही’ असा आग्रह धरतो, तेव्हां मात्र यंत्र थांबत नाहीं.

तिसरी सूचना कोणी करील कीं, कीर्दच बंद करा. तसें करतांही येतें. पण ज्या तबकडीवर घरचे हिशेब आणि मुलाबाळांचीं छायाचित्रें आहेत, तिच्यावर हा प्रयोग करूं नये. जी नोंद कोणी वाचीत नाहीं ती टाळावी. जी संकटाच्या वेळीं वाचावी लागते ती राखावी. काटकसर आणि कंजूषपणा यांतील भेद तो हाच.